श्राव्य ॲपमधील शोध आणि संचार : मराठी व हिंदुस्थानी संगीताच्या अंगाने एक चिकित्सा

सारांश

श्राव्य ॲपमधील शोधाविषयीची चर्चा बहुधा संगणकीय तंत्रापाशी थांबते. मराठी व हिंदुस्थानी संगीताच्या बाबतीत मूळ उणीव त्याच्याही आधीची, म्हणजे नोंदीच्या रचनेतील आहे, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे. 'गाणे, कलावंत, अल्बम' या तीन रकान्यांत राग, बंदिश, नाटक, कवी आणि संगीतकार मावत नाहीत. आणि जे नोंदीत नाही ते कितीही प्रगत यंत्रणेला खात्रीने सापडू शकत नाही. या उणिवेचे स्वरूप, तिचे परिणाम आणि तिच्यावरील उपाय यांचा येथे विचार केला आहे.

बीजशब्द : श्राव्य ॲप, शोध, संचार, मेटाडेटा, राग, नाट्यसंगीत, वर्गीकरण.

१. प्रस्तावना

गेल्या दीड दशकात भारतीय श्रोत्याची संगीत ऐकण्याची रीत मुळापासून बदलली आहे. गाना हे ॲप २०१० मध्ये सुरू झाले. सावन आणि जिओम्युझिक २०१८ मध्ये एकत्र येऊन जिओसावन झाले. स्वीडनमध्ये २००८ मध्ये सुरू झालेले स्पॉटिफाय २०१९ च्या फेब्रुवारीत भारतात आले. ज्या तबकड्यांसाठी रसिक जुन्या बाजारात हिंडत असत, त्यांतील पुष्कळ ध्वनिमुद्रणे आता खिशातील फोनवर उपलब्ध आहेत. उपलब्धतेचा प्रश्न अशा रीतीने बराचसा सुटला असताना एक दुसरा प्रश्न पुढे आला आहे. संग्रहात असलेली वस्तू ज्याला हवी आहे त्याला सापडते काय, हा तो प्रश्न होय.

येथे दोन संज्ञा स्पष्ट करणे इष्ट ठरेल. शोधपेटीत शब्द लिहून किंवा उच्चारून हवे ते ध्वनिमुद्रण मिळवणे म्हणजे 'शोध'. आणि एका ध्वनिमुद्रणावरून त्याच्याशी नाते असलेल्या दुसऱ्याकडे, सूचीवरून सूचीकडे जाणे म्हणजे 'संचार'. या दोन्ही क्रिया ज्या सामग्रीवर चालतात ती ध्वनिमुद्रणाविषयीची नोंद, म्हणजे मेटाडेटा. ही नोंद ज्या घाटाची असेल त्या घाटाचेच प्रश्न श्रोत्याला विचारता येतात. म्हणून शोधव्यवस्थेची चिकित्सा नोंदीपासून सुरू करावी लागते.

२. नोंदीची जुनी परंपरा

ध्वनिमुद्रित संगीताला नोंदीची गरज पहिल्या दिवसापासून भासली आहे. गौहर जान यांचे गायन १९०२ च्या नोव्हेंबरमध्ये कलकत्त्यात ध्वनिमुद्रित झाले. गाणे संपताच त्या स्वतःचे नाव उच्चारत. तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हर येथे तयार होत आणि तेथील कारागिरांना ध्वनिमुद्रण ओळखता यावे म्हणून ही प्रथा पडली, असे सांगितले जाते. म्हणजे नोंद ध्वनीतच मुद्रित झालेली होती.

आपल्या परंपरेत तर हा विचार ध्वनिमुद्रणाच्याही पूर्वीचा आहे. अभंगाच्या अखेरच्या चरणात संताची नाममुद्रा असते. बंदिशीत 'सदारंग', 'प्रेमपिया', 'गुणीदास' अशा मुद्रा येतात आणि त्यांवरून अनुक्रमे नियामत खाँ, फैयाज खाँ आणि जगन्नाथबुवा पुरोहित हे रचनाकार जाणकाराला ओळखता येतात. गाणारा बदलला तरी रचणाऱ्याचे नाव रचनेबरोबर चालत राहावे, अशी ही योजना आहे. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी बंदिशींचा जो प्रचंड संग्रह 'क्रमिक पुस्तक मालिके'त प्रसिद्ध केला, त्याची मांडणीही रागवार आहे. विद्यार्थ्याने रागाचे पान उघडावे आणि त्या रागातील विविध तालांच्या रचना एकत्र पाहाव्यात, ही सोय त्यात आहे.

दीर्घवादन तबकडीच्या वेष्टनावर आणि कॅसेटच्या आतील कागदावर राग, ताल, तबल्याची व हार्मोनियमची साथ, काही वेळा रागाविषयीचे टिपणही छापलेले असे. त्यामुळे माहिती मुळातच नव्हती, असे म्हणता येत नाही. ती कागदावर होती. ध्वनी अंकीय रूपात आला तेव्हा कागद बहुतेक वेळा मागे राहिला.

३. तीन रकाने

आजच्या ॲपची मूलभूत मांडणी 'गाणे, कलावंत, अल्बम' अशी त्रिपदरी आहे. पाश्चात्त्य लोकप्रिय संगीताच्या व्यापारात ती स्वाभाविक होती. तेथे गायक किंवा वाद्यवृंद हाच बहुधा कृतीचा धनी असतो, गाण्याला स्वतंत्र शीर्षक असते आणि अल्बम ही त्याची निर्मितीची एकसंध वस्तू असते. हिंदुस्थानी संगीतात या तीनही गृहीतांना छेद जातो. ख्यालाला शीर्षक नसते. राग, ताल आणि बंदिशीचे आरंभीचे शब्द मिळून त्याची ओळख ठरते. अल्बम हा अनेकदा केवळ प्रकाशकाने केलेला गठ्ठा असतो. एकच ध्वनिमुद्रण तीन निरनिराळ्या संकलनांत तीन नावांनी येते.

रागासाठी स्वतंत्र रकाना साधारणतः नसल्यामुळे त्याचे नाव शीर्षकाच्या मजकुरात कोंबले जाते. परिणामी यंत्रणेच्या दृष्टीने राग हा केवळ अक्षरांचा समूह उरतो. 'दुर्गा' या रागाचा शोध घेणाऱ्यापुढे आरत्या आणि स्तोत्रे येणार, 'श्री' रागाचे नाव प्रत्येक देवनामाच्या आरंभी असलेल्या 'श्री'त हरवणार, 'मल्हार' शोधणाऱ्यास जेजुरीचा मल्हारी भेटणार, हे ओघानेच आले. त्या आरत्या अनेकांना हव्या असतात, यात शंका नाही. परंतु शोधणाऱ्याने राग मागितला की देवता, हे विचारण्याची सोय यंत्रणेत नाही. 'बिहाग रागातील झपतालातल्या बंदिशी' ही संगीताच्या कोणत्याही विद्यार्थ्याची साधी मागणी आहे. तीन रकान्यांच्या मांडणीत मात्र ती व्यक्तच करता येत नाही.

४. कृती आणि ध्वनिमुद्रण यांतील भेद

नाट्यसंगीत, भावगीत आणि अभंग यांच्या बाबतीत अडचण वेगळ्या स्वरूपाची आहे. येथे कृती एक असते आणि तिची ध्वनिमुद्रणे अनेक असतात. 'संगीत मानापमान' (१९११) ची पदे कृ. प्र. खाडिलकरांची आणि चाली गोविंदराव टेंबे यांच्या; 'संगीत स्वयंवर' (१९१६) चे संगीत भास्करबुवा बखले यांचे. ही पदे शंभरांहून अधिक वर्षे पिढ्यान्‌पिढ्या गायली गेली. ॲपमधील 'कलावंत' या रकान्यात बहुधा गायकाचे नाव येते. त्यामुळे टेंबे किंवा बखले यांच्या चाली एकत्र पाहू इच्छिणाऱ्या अभ्यासकाला रस्ता सापडत नाही. अभंगात तर कवी, चालकार आणि गायक यांच्यात तीन-तीन शतकांचे अंतर असू शकते आणि तिघांचीही नावे एकाच रकान्यात, काही वेळा कोणताही भेद न करता, लिहिलेली आढळतात.

'कट्यार काळजात घुसली' हे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. पुरुषोत्तम दारव्हेकरांचे हे नाटक १९६७ मध्ये रंगभूमीवर आले. संगीत जितेंद्र अभिषेकी यांचे होते आणि वसंतराव देशपांडे यांची भूमिका व गायन त्यात गाजले. २०१५ मध्ये त्यावर चित्रपट निघाला. त्यात अभिषेकी यांच्या मूळ रचना होत्या आणि शंकर-एहसान-लॉय यांच्या नव्याही. आता नाटकाचे नाव लिहून शोध घेणाऱ्याला तीन गोष्टी वेगवेगळ्या दिसायला हव्यात : मूळ नाट्यपदे, त्यांची चित्रपटातील पुनर्निर्मिती आणि चित्रपटासाठी केलेल्या नव्या रचना. एका रचनेच्या पानावर तिची सर्व ध्वनिमुद्रणे कालक्रमाने लागली, तर तरुण श्रोता चित्रपटातील पदावरून एका पावलात वसंतरावांपर्यंत पोहोचेल. हा संचारच परंपरेचे शिक्षण आहे.

असा भेद करणे तांत्रिकदृष्ट्या नवे नाही. ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी आणि मूळ रचनेला आयएसडब्ल्यूसी असे दोन स्वतंत्र आंतरराष्ट्रीय क्रमांक देण्याची पद्धत रूढ आहे. हा भेद हिशेबासाठी पाळला जातो. तो श्रोत्यासमोर मात्र क्वचितच येतो.

५. नावे आणि लिपी

व्यक्तिनामांचा गोंधळ हा याच उणिवेचा पुढचा भाग होय. मराठी रसिकाला चार गंधर्व परिचित आहेत : सवाई गंधर्व (१८८६–१९५२), बालगंधर्व (१८८८–१९६७), छोटा गंधर्व (१९१८–१९९७) आणि कुमार गंधर्व (१९२४–१९९२). शिवाय 'बालगंधर्व' हे २०११ च्या चित्रपटाचेही नाव आहे. केवळ अक्षरे जुळवणाऱ्या यंत्रणेला यांतील गुरू, नट, शिष्य आणि चित्रपट यांचा भेद कळण्याचे कारण नाही. 'पंडित' हे उपपद लावलेले आणि न लावलेले अशी एकाच गायकाची दोन पाने झाली, की त्याचे ध्वनिमुद्रणधनही दुभंगते. ग्रंथालयशास्त्रात यासाठी प्रमाणनामसूची असते : एका व्यक्तीची एक नोंद आणि तिच्या सर्व पर्यायी नावांचे तिच्याकडे निर्देश.

लिपीची अडचण याहून सूक्ष्म आहे. मराठी गाण्यांच्या नोंदी कधी देवनागरीत, कधी रोमन लिपीत असतात आणि रोमन लेखनाला प्रमाण रूप नाही. 'भीमपलासी'तील दीर्घ ईकार कोणी एका 'आय'ने लिहितो, कोणी दोन 'ई'ंनी. 'ज्ञानेश्वर' हे नाव मराठी माणूस 'डी' या अक्षराने सुरू करतो, हिंदी भाषक 'जी'ने, तर संस्कृतज्ञ 'जे'ने. अमेरिकेत १९१८ मध्ये पेटंट मिळालेली 'साउंडेक्स' ही सारख्या उच्चारांची नावे जुळवणारी पद्धत नावाचे पहिले अक्षर कायम ठेवते. साहजिकच तिच्या हिशेबी ही तीन वेगळी नावे ठरतात. इंग्रजी आडनावांसाठी बेतलेली साधने आपल्या नावांना जशीच्या तशी लागू पडत नाहीत, याचे हे एक उदाहरण.

देवनागरीत लिहिल्याने प्रश्न आपोआप सुटतो असेही नाही. 'वाऱ्यावर' या शब्दातील अर्धा र संगणकावर दोन रीतींनी साठवता येतो. 'ॲ' या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ मध्ये मिळाले. त्यापूर्वीचे पुष्कळ मजकूर 'अ'वर चंद्र देऊन लिहिलेले आहेत. डोळ्यांना ही रूपे सारखी दिसतात, पण यंत्राला ती भिन्न असतात. शोधापूर्वी दोन्ही रूपे एक करून घेण्याचे काम अवघड नाही. त्यासाठी मराठी लेखनाची जाण असलेल्या माणसाने नियम लिहून देण्याची आवश्यकता आहे.

६. क्रम, सलगता आणि लोकप्रियता

शोधानंतर संचाराचा विचार करू. ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे 'गीतरामायण' आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर प्रसारित झाले. त्याची ५६ गीते ही ५६ सुटी गाणी नाहीत. कुश-लवांच्या गायनापासून सुरू होणारी ती एक कथा आहे आणि बहुतेक गीते कथेतील पात्रांच्या मुखी आहेत. ऐकणाऱ्यांच्या संख्येनुसार लावलेल्या यादीत किंवा वाटेल त्या क्रमाने वाजवणाऱ्या शफलमध्ये ही कथा विस्कटते. शिवाय मूळ प्रसारणात निरनिराळ्या गायकांचे स्वर होते, तर पुढे सर्वत्र पोहोचलेली ध्वनिमुद्रणे स्वतः फडके यांच्या स्वरातील आहेत. हा इतिहास सांगण्यास नोंदीत जागा नाही.

क्रमाचा हा आग्रह केवळ आपल्याकडचा नाही. ॲडेल या ब्रिटिश गायिकेच्या मागणीवरून स्पॉटिफायने नोव्हेंबर २०२१ मध्ये अल्बमच्या पानावरील मुख्य कळीतून शफल काढले. एका लोकप्रिय कलावतीला जे मागता आले ते माडगूळकर-फडके यांच्या वतीने कोणी मागायचे, हा प्रश्न उरतो.

ख्यालाच्या दीर्घ ध्वनिमुद्रणाचीही हीच गत आहे. कधी विलंबित आणि द्रुत यांचे दोन तुकडे होतात आणि त्यांच्यामध्ये भलतेच गाणे शिरते; कधी पाऊण तासाचे गायन एकसंध असते, पण द्रुत बंदिश कोठे सुरू होते याची खूण नसते. पुस्तकाला प्रकरणे असतात तशा खुणा दीर्घ ध्वनिमुद्रणाला देता येतात.

सर्वांत दूरगामी परिणाम मात्र क्रमवारीचा आहे. शोधाचे निकाल लावताना लोकप्रियतेला मोठे वजन दिले, तर जे आधी ऐकले गेले तेच वर येते. वर आल्यामुळे ते अधिक ऐकले जाते आणि त्यामुळे आणखी वर जाते. नव्या चित्रगीताच्या शोधात हे सोयीचे आहे. परंतु मल्लिकार्जुन मन्सूर (१९१०–१९९२) यांच्यासारख्या गायकाचे वैशिष्ट्यच अनवट रागांवरील प्रभुत्व हे होते. अनवट याचा अर्थच क्वचित ऐकलेले. ज्या गुणामुळे ते ध्वनिमुद्रण मोलाचे ठरते, त्याच गुणामुळे ते यादीच्या तळाशी जाते.

७. उपायांची दिशा

या समस्येच्या सोडवणुकीचे तात्त्विक साहित्य भारतीयाच्याच हातून घडलेले आहे. शि. रा. रंगनाथन यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम १९३१ मध्ये आणि द्विबिंदू वर्गीकरण १९३३ मध्ये मांडले. वाचकाचा वेळ वाचवणे हा त्यांच्या नियमांपैकी चौथा. कोणताही विषय एकाच खणात न टाकता त्याचे निरनिराळे पैलू वेगळे काढावेत आणि हवे तसे जोडावेत, ही त्यांची भूमिका होती. आजच्या संगणकीय सूचींत निकाल गाळण्यासाठी जे पर्याय दिसतात, त्यांमागे हाच पैलूविचार आहे. हिंदुस्थानी संगीताचे पैलू तर परंपरेनेच ठरवून ठेवले आहेत : राग, ताल, लय, गानप्रकार, रचनाकार, घराणे, साथीदार, गानसमय, वर्ष आणि स्थळ.

हे व्यवहारात शक्य आहे याचे पुरावेही आहेत. पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या श्रोत्यांनी हीच तक्रार केली होती. तिच्यातून बर्लिनचे इडाजिओ आणि ॲम्स्टरडॅमचे प्राइमफोनिक यांसारखे उपक्रम निघाले. प्राइमफोनिक २०२१ मध्ये ॲपलने विकत घेतले आणि मार्च २०२३ मध्ये ॲपल म्युझिक क्लासिकल हे स्वतंत्र ॲप आणले. त्यात रचनाकार, कृती आणि वादक यांच्या अंगाने शोध घेता येतो. बार्सिलोनाच्या पोम्पेउ फाब्रा विद्यापीठातील 'कॉम्पम्युझिक' या प्रकल्पाने (२०११–२०१७) हिंदुस्थानी व कर्नाटक संगीतासह पाच परंपरांचा अभ्यास केला आणि राग-तालांच्या अंगाने संचार करता येईल असे 'दुनिया' हे साधन उभे केले. आपल्याकडे 'आठवणीतली गाणी' या संकेतस्थळाने मराठी गीतांच्या कवी, संगीतकार, गायक, राग, नाटक व चित्रपट अशा सूच्या केल्या आहेत. मराठी रसिकाला कोणते पैलू हवे आहेत, हे त्यावरून स्पष्ट दिसते.

यावरून पुढील सूचना करता येतील. (१) रचना आणि ध्वनिमुद्रण यांची पाने स्वतंत्र ठेवून परस्परांना जोडावीत. (२) व्यक्तींसाठी प्रमाणनामसूची करावी आणि कवी, संगीतकार, गायक, साथीदार या भूमिका वेगळ्या नोंदवाव्यात. (३) राग व ताल यांना स्वतंत्र रकाना द्यावा आणि निकाल त्यांनुसार गाळता यावेत. (४) देवनागरी व रोमन लेखनभेद शोधापूर्वी एक करावेत. (५) शोधणाऱ्याने राग, रचनाकार किंवा नाटक मागितले असता लोकप्रियतेऐवजी पूर्णतेला आणि कालक्रमाला प्राधान्य द्यावे. (६) क्रमबद्ध कृतींचा क्रम राखावा आणि दीर्घ ध्वनिमुद्रणांत खुणा द्याव्यात. (७) नोंदीतील चूक दाखवण्याचा मार्ग श्रोत्याला असावा आणि तिची शहानिशा जाणकारांनी करावी.

८. काही आक्षेप

हे काम खर्चाचे आहे, हा पहिला आक्षेप. तो खरा आहे. पण बरीचशी माहिती जुन्या वेष्टनांवर छापलेली आहे आणि ध्वनिमुद्रणाचे हक्क असलेल्या कंपन्यांनी ती एकदाच भरावयाची आहे. विद्यापीठांतील संगीत विभाग आणि ग्रंथालयशास्त्र विभाग यांनी एकत्र येऊन हाती घ्यावा असा हा प्रकल्प आहे.

सामान्य श्रोत्याला इतके पैलू नको असतात, हा दुसरा आक्षेप. परंतु श्रोते स्वतःच रागवार किंवा कवीवार याद्या करून ठेवतात, यावरून गरज सिद्ध होते. या खासगी श्रमाला स्थैर्य नसते. विंक म्युझिकसारखे ॲप बंद करण्याचा निर्णय २०२४ मध्ये झाला, तेव्हा असे श्रम किती परस्वाधीन असतात हे दिसून आले.

यंत्रप्रज्ञा आता ध्वनी ऐकूनच सर्व ओळखेल, हा तिसरा आणि आजचा सर्वांत प्रभावी आक्षेप. यंत्राचे साहाय्य अवश्य घ्यावे. तथापि भूप आणि देशकार यांचे स्वर तेच पाच. भेद वादी स्वराचा, चलनाचा आणि समयाचा. मारवा, पूरिया आणि सोहनी यांचेही तसेच. येथे यंत्राच्या निर्णयावर जाणकाराची नजर हवी. आणि पद कोणत्या नाटकातले, चाल कोणाची, मैफल कोणत्या वर्षीची, हे ध्वनीत असतेच असे नाही. ते कोणीतरी लिहूनच ठेवावे लागते.

९. समारोप

श्रेयाच्या प्रश्नाला केवळ सांस्कृतिक बाजू नाही. २०१२ च्या कायदादुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार यांचा स्वामित्वधनाचा हक्क बळकट केला. ज्याचे नाव नोंदीतच नाही, त्याचा हक्क कागदावर राहण्याचा धोका अधिक. शोधव्यवस्थेतील उणीव अशा रीतीने श्रोता, अभ्यासक आणि निर्माता या तिघांनाही भोवते.

पूर्वी ध्वनिमुद्रण नष्ट होई ते तबकडी फुटल्यामुळे किंवा फीत खराब झाल्यामुळे. आता ते सुरक्षित राहूनही नष्टवत होऊ शकते, कारण कोणी त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. नव्याने गाणे शिकणारा विद्यार्थी शोधपेटीत रागाचे नाव लिहितो, तेव्हा समोर येणाऱ्या पहिल्या दहा-वीस निकालांनाच तो त्या रागाची परंपरा समजणार. ती परंपरा किती विस्तीर्ण आहे हे त्याला कळावे की नाही, याचा निर्णय आज नोंदीचे रकाने ठरवणारे लोक घेत आहेत. तो निर्णय संगीत जाणणाऱ्यांच्या सल्ल्याने व्हावा, एवढीच या चिकित्सेची मागणी आहे.